वणव्यापुढे थोडं थांबू या

डोळे उघडेच ठेवा. फाल्गुनातली दुपार आहे, पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याकडेला आपण बसलो आहोत. समोरच्या डोंगरावर गवत वाळून पिवळं पडलंय आणि मधोमध एक काळा पट्टा आहे. श्वास सावकाश घ्या. जळक्या गवताचा वास येईल.

आता तो पट्टा खालून वर नजरेनं चढा. आग चढावर धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. म्हणजे ती निघाली खालून, कुठल्यातरी बांधावरून, पायवाटेवरून. तिथं माणसाचा वावर असतो. बांबूवर बांबू घासून वणवा लागतो म्हणतात. ही समजूत आपल्या फार सोयीची आहे.

आग लावणाऱ्या त्या माणसावर इतक्यात रागावू नका. भाताच्या राबासाठी त्यानं कवळ, पातेरा, शेण पसरून भाजायला घेतलं असेल आणि वारा फिरला असेल. कुणी ससा-डुकरं उठवायला काडी लावली असेल. कुणी नुसती विडी टाकली असेल. राबवाल्याची अडचण मला समजते, शिकाऱ्याची नाही.

आणि कुणी मुद्दाम पेटवलं असेल, जळलं की गवत जोमानं येतं म्हणून. इथं जरा रेंगाळा. महाड-पोलादपुरात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पहिल्या जोरदार सरींत राख सावित्री नदीच्या वाटेला लागते, मागोमाग उघडी पडलेली माती. गवत फुटतं ते पावसानं. ऐन-किंजळाची वीतभर रोपं मात्र दरसाल होरपळतात, त्यांचं झाड होतच नाही. जुलै 2021 मध्ये तळिये, केवनाळे, साखर या गावांत दरडी कोसळल्या त्या अतिवृष्टीनं. तो दोष वणव्यावर ढकलणार नाही. पण अशा उतारांना मुळांचा आधार हवा, हे कुणी वेगळं सांगायला नको.

राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. वनखातं 15 फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरतं, त्याआधी आग अडवणाऱ्या जाळरेषा काढतं. पण जाळरेषा रानाभोवती असते, आपल्या बांधाभोवती नसते. तिथलं गवत आपणच कापायचं. राब भाजायचाच तर वारा पडलेला असताना, पहाटे भाजा. भोवतीची चार हात जागा झाडून घ्या, हंडाभर पाणी जवळ ठेवा, आणि पालथा हात धरून राख गार लागल्याशिवाय घरी जाऊ नका.