रंगमंचावरचे हिम आणि धर्मराजाचे व्याज

पौषातल्या एका संध्याकाळी नाशिकच्या एका शाळेत, स्नेहसंमेलनासाठी बसविलेल्या पांडवांच्या महाप्रस्थानावरील नाटिकेची तालीम चालू असता, हिमवर्षावाची दोरी ओढण्याचे काम ज्याच्याकडे सोपविले होते त्या सातवीतल्या मुलाने मला विचारले, “सर, अश्वत्थाम्याबद्दल धर्मराज एकदाच अर्धे खोटे बोलला, तर त्याला नरक बघावा लागला ना? मग आपण तर बर्फही खोटा करतो आणि धुकेही खोटे करतो. आपल्याला पाप लागत नाही का?” मुलांच्या प्रश्नाला थट्टेने उत्तर देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, पण हा प्रश्न नाट्यधर्माच्या आणि नीतिधर्माच्या अगदी सीमेवर उभा होता, आणि त्याची नीट रुजुवात केल्यावाचून त्या दोरीला हात लावण्याचा अधिकार मला तरी पोहोचत नाही, असे त्या क्षणी प्रकर्षाने वाटले.

ज्या गावात हिम पडत नाही, त्या गावातल्या मुलांना हिम दाखवावयाचे होते. नाशिककरांना थंडी अपरिचित नाही; निफाडच्या बाजूस पारा कधी इतका खाली जातो की दवबिंदू गोठतात आणि द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून घडांचे रक्षण करतात; गोदावरीच्या पात्रावर सकाळचे धुके उतरते, आणि पावसाळ्यात ब्रह्मगिरीचा माथा दिवसच्या दिवस ढगात बुडालेला असतो. परंतु आभाळातून निःशब्द उतरणारे, पाहता पाहता वाट पुसून टाकणारे ते हिम आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. आम्ही पांढऱ्या पतंगी कागदाचे बारीक कपटे केले, जागोजाग चिरा पाडलेल्या लांब कापडाच्या झोळीत ते भरले, ती झोळी रंगमंचाच्या छताला आडवी टांगली, आणि तिची एक कड बांधून दुसरीला दोरी लावली. दोरी हळू हलविली की चिरांतून कपटे गिरक्या घेत खाली येतात, आणि मागून निळसर प्रकाश सोडला की पाहणाऱ्याच्या अंगावर खरोखरच शहारा येतो. या शहाऱ्याला सत्य म्हणावे की असत्य?

आपल्या नाट्यविचाराला हा प्रश्न नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या प्रकरणी पर्वत, विमाने, रथ आदी वस्तू रंगभूमीवर कशा सिद्ध कराव्या याचा विचार ‘पुस्त’ या नावाखाली केला असून चटया, कापड, कातडे जोडून केलेला तो संधिम, यंत्रयुक्तीने चालविलेला तो व्याजिम, आणि वस्त्रे गुंडाळून केलेला तो वेष्टिम, असे त्याचे तीन भेद सांगितले आहेत. आमची झोळी निःसंशय व्याजिमात मोडते. पुढे काश्मीरच्या शंकुकाने भिंतीवर चितारलेल्या घोड्याचा दृष्टान्त घेऊन दाखविले की त्या चित्राकडे पाहून ‘हा घोडा’ असे जे ज्ञान होते ते यथार्थ नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे. या चारही खात्यांत ज्याची नोंद होत नाही असे ते एक निराळेच ज्ञान आहे. ज्या देशात दर हिवाळ्यास घराच्या छपरावरून खरे हिम झाडावे लागते त्या देशात हा विचार जन्मला, आणि आमच्या पतंगी कागदाला तो आधाराला आला, याचे मला त्या दिवशी मोठे समाधान वाटले.

परंतु शास्त्राचा दाखला मिळाला म्हणून मुलाचा प्रश्न सुटत नाही. हे शहर ज्या कथेच्या भूमीवर वसले आहे तिच्यात मायेचे सर्वांत दुःखद उदाहरण आहे. याच पंचवटीत मारीच सुवर्णमृग होऊन आला, आणि बाण लागून मरता मरता त्याने रामाच्या आवाजात लक्ष्मणाला हाक मारली. मारीचाची कला सामान्य नव्हती. रूप आणि स्वर ही अभिनयाची दोन्ही अंगे त्याला साधली होती. मग त्याला आपण कलावंत न म्हणता कपटी का म्हणतो? कारण त्याच्या प्रेक्षकांना आपण प्रेक्षक आहोत याची वर्दीच नव्हती. नाट्यगृहात येणारा मनुष्य उंबरठ्यावरच एक करार करतो, की पुढचे दोन तास मला कागदाला हिम म्हणण्यास हरकत नाही. सीतेने असा कोणताही करार केलेला नव्हता. संमतीवाचून उभी केलेली माया हे कपट, आणि संमतीने उभी केलेली माया हे नाट्य, असा पहिला भेद येथे हाती लागतो.

या भेदाचा एक सुंदर दाखला नाशिकच्याच मातीत आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ सालच्या चित्रपटानंतर आपला कारखाना नाशिकला आणला. जादूचे प्रयोग करून लोकांना थक्क करण्याची विद्याही त्यांना अवगत होती. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहान कन्या मंदाकिनी कृष्ण झाली, पण चित्रपटाच्या प्रारंभीच फाळक्यांनी तिला बालिकेच्या रूपात पडद्यावर आणले, तिच्या मुद्रेवरचे निरनिराळे भाव दाखविले, आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण केला. जणू मायेचा खेळ मांडण्यापूर्वी त्यांनी मायेची कबुली दिली. आणि कबुली दिल्याने भक्तीचा रस उणावला नाही. आज त्यांचे स्मारक ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे त्या डोंगरातली लेणी लोक पांडवांची म्हणून ओळखतात, वस्तुतः ती बौद्ध भिक्षूंची आहेत. त्या भिक्षूंच्या परंपरेतील एका सूत्रात रूपाला फेसाच्या गोळ्याची, वेदनेला बुडबुड्याची, आणि विज्ञानाला, म्हणजे जाणिवेला, जादूगाराच्या खेळाची उपमा दिली आहे. साबणाच्या फेसाचे हिम करणारी यंत्रे हल्ली भाड्याने मिळतात. ती पाहिली की मला त्या सूत्राची आठवण होते.

इथवर विचार आला तेव्हा मुलाला उत्तर सापडले असे मला वाटले होते. रंगीत तालमीने तो भ्रम दूर केला. हिमालयाच्या पायथ्याशी जमिनीलगत वाहणारे धुके हवे म्हणून आम्ही कोरडा बर्फ, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, आणला होता. उणे ७८ अंशांचा तो दगड गरम पाण्याच्या घमेल्यात सोडला की वितळत नाही, थेट वायुरूप होतो. त्याच्या थंडीने पाण्याच्या वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात, आणि आपण पाहतो ते धुके त्या थेंबांचे असते. त्यातला वायू मात्र दिसत नाही. तो हवेपेक्षा दीडपट जड असतो, म्हणूनच धुके जमिनीला बिलगते. आणि एका किलो बर्फातून असा सुमारे ५०० लिटर वायू निघतो. महाभारताच्या क्रमाप्रमाणे प्रथम द्रौपदी कोसळते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. म्हणजे चढाच्या तळाशी, धुके जेथे सर्वांत दाट तेथे, सर्वांत अधिक वेळ पडून राहणारी ती द्रौपदी. पडदा पडल्यावर ती मुलगी उठली ती छातीला हात लावून, डोके जड झाल्याचे सांगत. मोकळ्या हवेत आणल्यावर ती काही मिनिटांत सावरली. पण सभागृहाच्या खिडक्या प्रकाशयोजनेसाठी मीच बंद करविल्या होत्या, आणि धुके रंगमंचाच्या कडेवरून उतरून जेथे साचत होते तेथेच उद्या बालवाडीची मुले सतरंजीवर बसणार होती, हे मला तेव्हा दिसले.

प्रेक्षक आपले डोळे फसविण्याची मुभा देतो; श्वास फसविण्याची देत नाही. संमतीच्या कराराची हद्द तेथे संपते. पाश्चात्त्य देशांत १९३० च्या सुमारास शोभेचे बनावट हिम म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचे पांढरे तंतू विकले जात. ते पाहणाऱ्यांनी हिमाला संमती दिली होती, फुप्फुसात रुतणाऱ्या तंतूंना दिली नव्हती. आपल्याकडे थर्माकोलच्या चुऱ्याचा बर्फ वर्षानुवर्षे उधळला गेला आणि नाल्यांतून नद्यांत गेला. २०१८ साली राज्य शासनाने थर्माकोलच्या सजावटीला मनाई केली. खेळ पाहणाऱ्या माणसाने करार केला होता. नदीने केला नव्हता.

येथे मला पुन्हा धर्मराजाकडे जावे लागले. स्वर्गारोहणपर्वात नरकाच्या अंधारात आपल्या बंधूंचे आक्रोश ऐकून तो परत फिरण्यास नकार देतो, आणि मग इंद्र येऊन त्याला सांगतो की द्रोणाला त्याच्या पुत्राविषयी तू व्याजाने फसविलेस, म्हणून तुलाही व्याजानेच नरक दाखविला. येथला ‘व्याज’ हा शब्द आणि भरताच्या ‘व्याजिमा’तला शब्द एकच: व्याज म्हणजे मिष, बतावणी. आणि मराठीत तोच शब्द कर्जावर चढणाऱ्या रकमेसाठी रूढ झाला. हा शब्दाचा योगायोग असेल, पण त्यात मला एक नीतितत्त्व दिसते. बतावणी हे एक कर्ज आहे. पाहणाऱ्याच्या विश्वासातून ते उचललेले असते, आणि त्याची फेड बतावणी करणाऱ्याने स्वतः करावयाची असते. द्रोणाच्या विश्वासावर उचललेले कर्ज धर्मराजाने रणांगणावर फेडले नाही, म्हणून ते त्याच्या मागोमाग स्वर्गापर्यंत गेले.

फेड करावयाची म्हणजे काय करावयाचे? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात म्हटले आहे की मायावी पुरुष स्वतः पसरविलेल्या मायेने तिन्ही काळी स्पर्शिला जात नाही. हे वचन आजवर मी ब्रह्माच्या निर्लेपतेचे वर्णन म्हणून वाचीत आलो. आता मला त्यात कर्तव्यही दिसते. सभागृहातले तीनशे जीव हिमात आणि धुक्यात हरवून जावे अशी ज्याची इच्छा आहे, त्याने त्या सर्वांच्या वतीने सत्यात जागे राहावयाचे आहे: घमेल्यात पाणी किती, दार उघडे की बंद, खाली पडलेले मूल श्वास घेते आहे की नाही. तो जागा आहे म्हणूनच इतरांनी निःशंकपणे स्वप्न पाहावे.

आम्ही मांडणी बदलली. कोसळलेले पांडव अंधाराच्या एका क्षणात विंगेत निघून जाऊ लागले आणि त्यांच्या जागी त्यांची उत्तरीये तेवढी चढावर पडून राहिली. धुके शेवटच्या दोन मिनिटांवर आले, तेही थोडे. खिडक्या उघडल्या, आणि बालवाडीची सतरंजी मागच्या बाकांवर गेली. रिकाम्या उत्तरीयांवर हिम पडताना पाहून सभागृहात जी शांतता पसरली ती निजलेल्या देहांनी पसरली नसती.

त्या मुलाला मी सांगितले, “पाप बर्फ खोटा करण्यात नाही. आपण काय करतो आहोत हे आपण विसरलो, तर पाप.” प्रयोगभर त्याने एका हाती दोरी धरली होती आणि त्याची नजर खाली उभ्या मुलांवर होती. ज्या ज्या शिक्षकावर रंगमंचावर हिम पाडण्याची वेळ येईल, त्याने आपली नजर तेथेच ठेवावी.