एका वर्षाचा हिशेब

विद्यार्थ्यानें शरीर कमवावें कीं नाहीं, हा वाद आतां शिळा झाला आहे. तो उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस टोचतो तो प्रश्न निराळा आहे. व्यायामापायीं जें वर्ष जातें, त्याचें मोल कशावरून ठरवावयाचें?

लोकमान्य टिळकांचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १८७३ च्या सुमारास ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेले, आणि प्रकृति मूळची अशक्त म्हणून पहिलें वर्ष त्यांनीं बहुतेक तालीम, पोहणें व नाव वल्हविणें यांतच घालविलें. अभ्यास अर्थातच मागें पडला. वल्हविण्याचा षोक साहेबाच्या देशचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पहिली शर्यत झाली ती १८२९ त. खेळ मोठा विलक्षण खरा. सर्वांचीं वल्हीं एका तालावर पडलीं तरच नाव चालावयाची, आणि कोणाचा जोर किती हें कांठावरच्यास कळावयाचें नाहीं! आमच्या वऱ्हाडांत तो रुजता कसा? अकोल्याची मोर्णा उन्हाळ्यांत ओढ्याएवढीही उरत नाहीं. आणि त्या शतकांत येथें कॉलेजही नव्हतें. अमरावतीचें किंग एडवर्ड कॉलेज निघालें तें १९२३ त. त्याच्या आधींच, १९१४ सालीं, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येथें उभें राहिलें होतें, हें मात्र विसरूं नये.

कॉलेज नव्हतें म्हणून मुलें बाहेर जात. अकोल्याहून मॅट्रिक झालेले गोपाळ गणेश आगरकर त्याच डेक्कन कॉलेजांत गेले. अंगांत एकच सदरा. तो रात्रीं धुवावा आणि सकाळीं घालावा. नदी त्यांनाही तेवढीच जवळ होती. पण एक अख्खें वर्ष तिच्यावर घालविण्याची ऐपत त्यांची होती काय? पुढें दम्यानें त्यांस गांठलें, आणि १८९५ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ते गेले. तालमीनें दमा टळला असता असें आमचें म्हणणें नाहीं. ऐपतीचा प्रश्न तेवढा आम्ही विचारतों.

तो विचारण्यास कारण घडलें. अकोल्याकडील एक कास्तकार आमच्याकडे आले. मुलगा आमच्या वर्गांतला. पहांटेपासून आखाड्यावर मल्लखांब करी, आणि त्या सालीं नापास झाला. आम्हीं सवयीप्रमाणें टिळकांचें तें वर्ष सांगितलें. तें शरीर होतें म्हणून मंडालेचीं सहा वर्षें निभावलीं, असेंही सांगितलें. गृहस्थांनीं ऐकून घेतलें व म्हणाले, “सर, टिळक तं एकच झाले. माह्या पोराचं वर्ष कोन भरून देते?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं येतांना लक्षांत आलें कीं, आम्ही मंडालेची पावती दाखवून १८७३ चा खर्च मंजूर करून घेत होतों. टिळक पुढें कोठें अज्ञात वकील होऊन राहिले असते, तर तें वर्ष उधळलें असें आम्ही म्हटलें असतें काय? पाणी तेंच, छातींत भरणारा दम तोच. नाव लोटणाऱ्या मुलास पुढलें कांहींच दिसत नसतें. तेव्हां पुढच्या फळावरून त्याचा न्याय करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. खरी अडचण दुसरीकडे आहे. टिळकांचे वडील १८७२ तच वारले, पण शिक्षणापुरती तरतूद मागें होती. एक वर्ष लांबलें तरी त्यापायीं घरचें कोणी उपाशी राहणार नव्हतें. आमच्या विद्यार्थ्याचें वर्ष बापाच्या कपाशींतून जात होतें, आणि बापास कोणीं विचारलें नव्हतें. मुलानेंही नाहीं, आम्हींही नाहीं.

दुसऱ्या दिवशीं उजाडतां आम्ही त्यांस आखाड्यावर घेऊन गेलों. मुलाला आम्ही आल्याचें ठाऊक नव्हतें. तो खांबावर चढला, उलटा झाला, आणि नुसत्या मांड्यांच्या पकडीवर, हात सोडून, स्थिर राहिला. गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग आमच्याकडे वळून त्यांनीं हळूच विचारलें, “येवढी मेहनत करते, तं खाते काय हा?”