आमची भाकर

मार्च १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी महामार्गावर बसले. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी मारले गेले.

तंबाखूशी आपला काय संबंध, असे आपण म्हणू. पण तंबाखूने पोट भरत नाही. तिच्या पैशातूनच शेतकऱ्याच्या घरी ज्वारी येते. भाव पडला की चूल थंडावते. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते व ती हाक प्रभूच्या कानी जाते, असे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावतो.

प्रभूने आपल्याला ‘माझी’ नव्हे, ‘आमची’ भाकर मागावयास शिकविले. बाजारात भाव पाडून मागताना, मजुराचे पैसे उद्यावर ढकलताना, आपण तो शब्द आठवू या.