‘तशी तर’च्या पुढचं

सत्तरच्या दशकात अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं, ते खेड्यापाड्याला डॉक्टर मिळावेत म्हणून. बीड जिल्ह्यात शिकाऊ डॉक्टर आजही खेड्यातल्या ओपीडीत बसतात. त्यांनी मांडलेली केस आम्ही शिक्षक ऐकतो, तोंडी परीक्षा घेतो. रुग्णाशी बोलताना मात्र त्यांना क्वचितच पाहतो.

मी बसून पाहते. रुग्णाला विचारून, स्टूल मागे टाकून. समोर बसले की बाया माझे पांढरे केस बघून माझ्याशीच बोलतात. वहीत मत लिहायचं नाही, बोललेले शब्द लिहायचे.

दिवाळीआधीच्या एका सकाळचं हे पान.

“अंगावरून पांढरं जातंय, कंबर लई धरतीय.”

“किती दिवस?”

“तशी तर...”

“खाज आहे? लघवीला जळजळ?”

बाई तिथं थांबली ती थांबलीच. तपासणी झाली, गोळ्या बरोबर लिहिल्या. दाराशी ती वळली, “पिशवीच काढून टाकावी का?” पुढचा केसपेपर ओढत इंटर्न म्हणाला, “नाही, गरज नाही.”

उत्तर बरोबरच होतं. पण बीडमध्ये हा प्रश्न दाराशी सोडायचा नसतो. २०१९च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. काहींना शस्त्रक्रिया खरंच लागली असेल. पण तोडणीसाठी आगाऊ उचल घेतलेल्या जोडप्याला खाडा परवडत नाही, आणि पाळीत, दुखण्यात दिवस बुडतात. त्या प्रत्येकीच्या शस्त्रक्रियेआधी कुठल्यातरी टेबलाशी असंच काही बोलणं झालं असणार. ते ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, हे मला फार लागतं.

घाई आपल्याकडेच असते असं नाही. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकल यांनी ७४ भेटींच्या टेप तपासल्या. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचं बोलणं तोडत होते. आपल्या रांगेपुढे प्रत्येकाला वेळ देता येणार नाही, मान्य. म्हणून मी दिवसाला एकच रुग्ण असा पाहते.

बाई गेल्यावर आधी इंटर्नलाच विचारलं, काय जमलं? मग वही पुढे केली. ‘तशी तर’वर बोट ठेवून तो म्हणाला, “मॅडम, हे मला ऐकूच आलं नाही.”

ती औषधाच्या खिडकीशी होती. त्यानं तिला परत आणलं, बसवलं, विचारलं, “मावशी, कारखान्यावर कधी निघायचं?” आणि गप्प राहिला.

वहीतलं पुढचं दीड पान एकट्या तिच्या बोलण्याचं आहे.