राजेवाडीच्या काठावर

म्हसवड गावाहून समुद्र लांब. पण लाटा पाहायच्या तर राजेवाडीचा तलाव जवळच आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावं म्हणून माणगंगा नदीवर हा बांध घालायला घेतला. पाऊसकाळ चांगला झाला की आजही इथं दूरवर पाणी पसरतं. वारा सुटला की लहान लाटा काठाला येतात, गवताच्या काड्या आणि फेस चिखलात सोडून मागं सरतात. त्याच चिखलात पाण्यावर आलेल्या मेंढ्यांचे खूर उमटलेले असतात. त्या दुष्काळात उपाशी माणसांनी बांधासाठी डोक्यावर वाहिलेल्या मातीनं पुढच्या पिढ्यांची शेतं भिजवली. तिथं जरूर जा, घटकाभर बसा. फक्त काठावर कचरा टाकू नका. हे पाणी कष्टानं अडवलेलं आहे.