मध्यस्थाचे ताटस्थ्य

कौरवपांडवांच्या कलहात कोणी खरोखर तटस्थ राहिला असेल तर तो बलराम. परंतु युद्ध अटळ दिसताच तो तीर्थयात्रेस निघून गेला, आणि शिष्टाईचा भार ज्याने शिरावर घेतला तो श्रीकृष्ण उघडउघड पांडवांचा होता. ज्यास कोणाचीच बाजू नाही त्यानेच मध्यस्थी करावी, हा रूढ समज कितपत खरा, याचा विचार करू लागलो म्हणजे मला १९३२ चा पुणे करार हटकून आठवतो.

गोलमेज परिषदेत हिंदी पुढाऱ्यांचे एकमत होईना, तेव्हा निवाडा पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांच्याकडे गेला. ऑगस्टात त्यांनी अस्पृश्यवर्गास स्वतंत्र मतदारसंघ दिले. मात्र संबंधित समाजांनी आपसांत दुसरी तोड काढल्यास ती सरकार मान्य करील, अशी सवलतही त्यात ठेवली होती. या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध २० सप्टेंबरला महात्माजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले, आणि त्या सवलतीचा आधार घेऊन सर तेजबहादूर सप्रू, बॅरिस्टर जयकर प्रभृती मंडळी वाटाघाटींस लागली.

ही मंडळी कायदेपंडित खरी, पण सवर्ण होती, आणि महात्माजींचे प्राण वाचवणे हाच त्यांचा पहिला हेतू होता. तरीही सप्रूंची कर्तबगारी नाकारता येत नाही. तत्त्वाचा जो वाद कोणासच सोडवता येईना त्यास त्यांनी व्यवहाराचे रूप दिले: राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवार निवडावेत, आणि त्यांतील एक संयुक्त मतदारांनी. प्रांतिक विधिमंडळांतील जागाही ७१ वरून १४८ झाल्या. २४ तारखेस सह्या झाल्या.

हिशेबाने तह वाईट नव्हता. परंतु आंब्याच्या झाडाखाली खाटेवर पडलेला एक पक्ष घटकेघटकेला क्षीण होत असता दुसऱ्यास ‘विचार करून सांगतो’ म्हणण्याची सोय ती काय राहते? नकार द्यावा, तर त्याची झळ गावोगाव विखुरलेल्या, निराधार समाजास लागणार, ही अस्पृश्यवर्गाचे पुढारी डॉ. आंबेडकर यांची धास्ती अनाठायी नव्हती. दोन्ही पक्षांविषयी सारखीच उदासीनता बाळगणे यास मी समत्व म्हणत नाही. दुबळ्याचा नकारही निर्धास्त राहील एवढी तजवीज जो करू शकतो, तो मग कोणाच्या का गोटातला असेना, मला मध्यस्थ म्हणून चालेल. त्या चार-पाच दिवसांत ही तजवीज करणे सप्रूंच्या हाती नव्हते. आणि खरे सांगायचे तर, ज्यांच्या हाती होते ते खाटेवर होते.

करारावर सही करणाऱ्या आंबेडकरांनीच १९४७ साली घटनासमितीसाठी सिद्ध केलेल्या निवेदनात स्वतंत्र मतदारसंघांची मागणी पुन्हा मांडली.