रस्ता पुन्हा शिकताना

झाशीच्या रेल्वे स्थानकाला आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव आहे. तिथून चार दिशांना गाड्या सुटतात: ग्वाल्हेर, बीना, कानपूर आणि माणिकपूर. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे या सगळ्या मार्गांवर धुके उतरते आणि सिग्नल अगदी जवळ येईपर्यंत इंजिनातल्या लोको पायलटला दिसत नाही. हल्ली जीपीएसवर चालणारे यंत्र पुढचा सिग्नल किती दूर आहे ते सांगते. पण पुढे चढ आहे की उतार, कोणता सिग्नल वळणाआड आहे, फाटक कुठे येते, वेग कुठून उतरवायला घ्यायचा, हे त्या माणसाला पाठ असावेच लागते.

म्हणून रेल्वे कितीही मुरलेल्या लोको पायलटच्या हाती नवा मार्ग एकदम देत नाही. आधी तो मार्ग जाणणाऱ्या सहकाऱ्याबरोबर जाऊन रस्ता शिकायचा. कर्मचारी त्याला ‘रोड लर्निंग’ म्हणतात, थोडक्यात ‘एलआर’. साधारण रीत तीन फेऱ्यांची, त्यांतली निदान एक रात्रीची. कारण दिवसा ओळखीची वाटणारी खूण रात्री नाहीशी होते. मग तो सही करून देतो की हा मार्ग मला माहीत आहे.

मला या नियमाचा पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. तीन महिन्यांहून अधिक काळ तो त्या मार्गावर गेला नसेल, तर ती सही पुरत नाही. त्याला पुन्हा शिकाऊ म्हणून फेरी करावी लागते आणि खंड जितका मोठा, तितक्या फेऱ्या वाढतात. वीस वर्षे नोकरी झालेल्यालाही यातून सूट नाही. तो हुशार आहे की मंद, मन लावून काम करतो की नाही, हे कुणी विचारत नाही. माणूस विसरणारच, हे इथे आधीच मान्य केलेले आहे आणि त्यावरचा उपाय कामाच्या वेळापत्रकातच बसवलेला आहे. विसरण्याबद्दल इतकी समजूत दाखवणारे नियम मी फार थोडे पाहिले आहेत.

बाकीच्या कार्यालयांत काय होते? दोन दिवस सभागृह, पडद्यावर चित्रे, दुपारचे जेवण, शेवटी अभिप्रायाचा कागद आणि प्रमाणपत्र. महिन्याभराने साहेब चिडतात, ‘एवढे शिकवले तरी यांच्या लक्षात काही राहत नाही.’ हरमन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून पाहिली आणि १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेल्याचा मोठा भाग पहिल्या दिवसभरातच निसटतो; पुढे गळती मंदावते. म्हणजे साहेब ज्याला निष्काळजीपणा म्हणतात, तो मेंदूचा स्वभाव आहे.

ब्रिटिश टपाल खात्यातला एक प्रयोग प्रशिक्षण ठरवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. टपाल कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवायचा होता. काहींना रोज एक तास, काहींना दोन, काहींना चार तास शिकवले गेले. बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी १९७८ साली निष्कर्ष मांडला: रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सर्वांत कमी लागले. तरीही आपल्या शिकवणीवर सर्वांत कमी खूश तेच होते, कारण शिकायला दिवस फार लागत होते. प्रशिक्षण संपताना अभिप्रायाच्या कागदावर ‘उत्तम’ असे लिहिले गेले, तर त्यावरून शिकणे टिकेल की नाही हे काहीच कळत नाही.

आणि शिकणे असे थोडेथोडे वाटून दिले, तर शिकणाऱ्यांना पुन्हा भेटल्यावर करायचे काय? रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. १८५८च्या वेढ्यात झाशीत अडकलेले, ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे ज्या वैदिक परंपरेतले, तिथे संथा दिली जाई आणि पोथी समोर न ठेवता शिष्याला म्हणावे लागे. गुरुजी ऐकत बसत. आजच्या प्रशिक्षणात बोलतो तो फक्त शिकवणारा, आणि तिथेच घोडे अडते.

रेल्वेत ही ऐकण्याची जागा लोको निरीक्षकाची आहे. तो इंजिनात शेजारी उभा राहून प्रवास करतो. ‘पुढची वेगमर्यादा किती? न्यूट्रल सेक्शन, म्हणजे तारेत वीज नसलेला टप्पा, कुठे?’ असे त्याने चालत्या गाडीत विचारले, की उत्तर त्या माणसालाच आतून काढावे लागते. तेवढ्या एका प्रश्नाचे काम परिपत्रक वाचल्याच्या दहा सह्यांनी होत नाही.

याच झाशीत १५ नोव्हेंबर २०२४च्या रात्री महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. त्या रात्री दहा बालके गेली. कर्मचाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी धुरात शिरून अनेकांना बाहेर काढले. तिथे कुणी काही विसरले होते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण त्या घटनेनंतर कुठल्याही इस्पितळात गेले की मला भिंतीवरचा अग्निशामक दिसतो आणि प्रश्न पडतो: आज रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेने तो शेवटचा हातात कधी घेतला होता? पिन ओढायची, फवारा ज्वाळेवर न मारता आगीच्या बुडाशी मारायचा, हे तिने वर्षातून एकदा दुरून, गर्दीत उभे राहून पाहिले असेल, तर तिला ते शिकवले असे म्हणू नये.

लोको पायलटला जी मुदत लावतात, ती तिलाही लावता येईल. दर तीन महिन्यांनी अर्धा तास, एक वेळ रात्रपाळीतच, यंत्र तिच्या हातात, आणि प्रशिक्षकाने गप्प उभे राहून बघायचे. हा अर्धा तास तिच्या कामाच्या वेळेत धरायचा, सुट्टीत बोलवायचे नाही. दोन दिवसांच्या सभागृहाचा खर्च यावर वळवला, तर पैसाही वेगळा लागणार नाही.